घडणावळ

इतवारी, नागपूर

प्रिय बेटा,


तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. तिन्ही गिटारी देखण्या आहेत. रंग कोणता, नाव कोणतं, कुठल्या साइटवर किती टक्के सूट, सगळं तू व्यवस्थित लिहिलंस. त्यांतली एखादी हातात घेऊन पाहिलीस का, तेवढं लिहायचं राहिलं. म्हणजे पाहिली नसणार. सराफ्यातल्या घरची पोर पन्नास हजारांचा माल फोटोवर मागवते आहे हे तुझ्या आजोबांना कळलं असतं, तर ते तुला काही बोलले नसते. मला गादीवर बोलावून विचारलं असतं, ‘काहून रे, पोरीला शिकवलं काय तू?’

तेव्हा ऐक. आपल्या पावतीवर दोन आकडे असतात: सोन्याचा भाव वजनावर, आणि घडणावळ वेगळी. गिटारच्या पावतीवर एकच आकडा असतो. त्या आकड्यात लाकूड, लोखंड आणि पिकअपमधली तांब्याची तार यांचा वाटा तुला वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे, आणि हातांच्या कामाचा फार जास्त. फ्रेटच्या पट्ट्या बसवून त्या सगळ्या एका पातळीत घासणं, मग प्रत्येकीचा माथा पुन्हा गोल करणं, टोकं बोटाला लागणार नाहीत अशी मारणं, नटच्या सहा खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कोरणं. स्वस्त गिटारमध्ये हेच काम वाचवतात. वीस हजारांची आणि पन्नास हजारांची गिटार फोटोत सारखी दिसते ती याचमुळे. दोघींत फरक आहे तो नेकवर, आणि तो डोळ्याआधी बोटांना कळतो.

नावाबद्दल एकदाच सांगतो. कोर-टेक नावाची दक्षिण कोरियाची कंपनी आहे. इंडोनेशियात सुराबायाला तिचा कारखाना आहे. तिथे तिच्या स्वतःच्या ‘कोर्ट’ नावाच्या गिटारी बनतात आणि पीआरएसच्या एसई मालिकेतल्या बऱ्याच गिटारीही तिथेच बनतात. दोन्ही गिटारी सारख्याच असतात, असा याचा अर्थ काढू नकोस. कुठली वस्तू किती चोख करायची हे नाव लावणारा ठरवतो. पण हेडस्टॉकवरचं नाव बघून कोणत्या हातांनी काम केलं ते कळत नाही, एवढं यातून घे. बनावट नावांचा तर सुळसुळाट आहे. सोन्यावर 2021 पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असतो, तो मोबाइलमध्ये टाकला की खरं-खोटं कळतं. गिटारच्या पाठीवरच्या क्रमांकाला तशी पक्की सोय नाही. बनावट करणारा क्रमांकही छापतो. म्हणून फार स्वस्तात मिळणारी ‘गिब्सन’ दिसली की पुढे जा.

आता तुझ्या हाताबद्दल. तू शिकलीस ती आपल्याकडच्या जुन्या अकूस्टिकवर. तिच्या तारा 12 ते 53 च्या, म्हणजे सर्वांत बारीक तार एका इंचाच्या हजारातल्या बारा भागांची. इलेक्ट्रिकवर बहुधा 9 ते 42 किंवा 10 ते 46 चा सेट येतो. शिवाय अकूस्टिकची तिसरी तार गुंडाळीची असते, इलेक्ट्रिकवर ती साधी, नागडी. परिणाम काय, तर पहिले काही दिवस तुझे ओळखीचे कॉर्ड बेसूर वाजतील आणि तू म्हणशील, गिटारच खराब. अकूस्टिकच्या सवयीनं तू तार गरजेपेक्षा जोरात दाबतेस, आणि बारीक तार फ्रेटवर जास्त दाबली की सूर वर चढतो. दुकानात गेलीस की हे आधी लक्षात ठेव. बोट फक्त टेकव, आवाज निघेल इतकंच. बॅरे कॉर्डसाठी ज्या ताकदीची तुला सवय झाली आहे, तिची इथे गरजच नाही.

दुसरी गोष्ट, अकूस्टिकवर न वाजवलेली तार थोडी गुणगुणली तरी चालून जाते, उलट भरलेपणा येतो. इलेक्ट्रिकवर ॲम्पचा आवाज जरा वाढवला की तीच तार बोंबलते. इथे तारा गप्प ठेवणं हे वाजवण्याइतकंच काम आहे. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर हलकी टेकवलेली. हे कोणत्याही महागड्या गिटारमध्ये विकत मिळत नाही, आणि म्हणूनच सांगतो, पहिली चांगली इलेक्ट्रिक घेताना स्वतःला थोडी मुदत दे. महिनाभर तुला तुझी जुनी अकूस्टिकच जास्त चांगली वाटेल.

आता पुण्यातल्या दुकानात काय करायचं. आपल्याकडून निघताना माझं दहा पटीचं भिंग आणि स्टीलची सहा इंची पट्टी तू घेऊन गेली होतीस, परत आणून दिली नाहीस. ती तिथे काढ. दुकानदार हसला तर हसू दे.

गिटार ॲम्पला लावू नकोस, आधी कोरडीच घे. नेकच्या दोन्ही कडांवरून पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत बोट फिरव. टोकं काट्यासारखी लागली तर खाली ठेव. मग भिंगानं पाच-सहा फ्रेटचे माथे बघ. माथा गोल आणि झिलईदार हवा. सपाट दिसला, किंवा घासल्याच्या आडव्या रेघा दिसल्या, तर कारागिरानं पॉलिश करायचा कंटाळा केला आहे. त्यानंतर नट बघ, जिथे तारा हेडस्टॉककडे जातात तिथली ती पांढरी पट्टी. तिसरी तार खुंटीनं हळूहळू चढव. ‘टिंग’ असा आवाज करत सूर एकदम उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे, तार तिथे अडकते. अशी गिटार तू एक बेंड मारलास की सुरातून जाते, आणि बिचाऱ्या खुंट्यांना शिव्या बसतात.

मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धर. जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आत, बारीक तारेखाली दीडच्या आसपास अंतर असावं. त्याहून जास्त असेल तर ब्रिजवरून खाली घेता येतं, तेवढ्यानं नाकारू नकोस. नेक सरळ आहे का ते असं बघ: जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसते का बघ. अजिबात फट नाही किंवा दोन-तीन कार्डं जातील इतकी आहे, तर दुकानातल्या माणसाला ट्रस रॉड फिरवायला सांग. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातली लोखंडी सळई, तारांच्या ओढीविरुद्ध नेकला सरळ ठेवणारी. तो म्हणाला ‘फिरत नाही’, तर विषय संपला.

आता दहाव्या फ्रेटच्या पुढे तिसरी आणि दुसरी तार पूर्ण एक सूर वर ओढ. ओढताना आवाज मध्येच मरत असेल, तर एक तर फ्रेट वर-खाली आहेत, नाहीतर फ्रेटबोर्डचा गोलवा जास्त आहे. जुन्या पद्धतीच्या फेंडरचा गोलवा 7.25 इंच त्रिज्येचा, नव्यांचा 9.5, गिब्सनचा 12. आकडा जितका मोठा, तितका पाट सपाट. कॉर्ड धरायला गोल पाट सोयीचा, तारा ओढायला सपाट. तू कॉर्डवाली आहेस, पण ही गिटार तू कॉर्डसाठी घेत नाहीस ना? शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर, दोन्ही मोबाइलच्या ट्यूनरवर जुळतात का बघ. थोडे जुळत नसतील तर ते सेटअपमध्ये जुळतात.

एवढं सगळं झाल्यावरच वायर लाव. बटणं फिरवताना खरखर, स्विच हलवताना कडकड, ही किरकोळ दुखणी. मागून दुरुस्त होतात. पिकअप बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, ब्रिजही बदलतो. जे स्क्रूनं बसवलंय ते सगळं बदलतं. ‘फेंडरचा तर नेकही स्क्रूनंच बसवलाय’ असं तू म्हणशील, आणि ते बरोबर आहे. पण चांगला नेक घ्यायला गेलीस तर त्यात जवळजवळ दुसरी गिटारच येते.

तो स्क्रूवाला नेक कुठून आला ते मात्र मजेशीर आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1938 मध्ये त्यानं दुकान काढलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच बहुतेक, त्यानं गिटारकडे दुरुस्तीला आलेल्या वस्तूसारखं पाहिलं: काय बिघडेल, आणि ते पटकन कसं बदलता येईल? 1950 मध्ये त्याची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, पुढच्या वर्षी तिचं नाव टेलिकास्टर झालं, 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर. गिब्सननं 1952 मध्ये लेस पॉल काढली, नेक चिकटवलेला, तारांची लांबी थोडी कमी. फेंडरची 648 मिलिमीटर, गिब्सनची 629. पाऊण इंचाचा फरक. कमी लांबीवर तारा मऊ लागतात आणि बोटं कमी ताणावी लागतात. तुझी करंगळी छोटी आहे, तेव्हा दोन्ही धरून बघ. पण अकूस्टिकच्या लांबीची सवय असल्यानं तुला फेंडरची लांबी परकी वाटणार नाही असा माझा अंदाज.

कोणता आवाज हवा, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. मी ऑर्केस्ट्रात सेकंड गिटार वाजवायचो तेव्हा आमचा सगळा अभ्यास मुंबईच्या रेकॉर्डवर. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे कळल्यावर आम्ही थक्क झालो होतो, आम्ही त्यांना गझलवाले म्हणून ओळखत होतो. ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची गिटार गोरख शर्मांची, ते संगीतकार प्यारेलालजींचे भाऊ. ते 1980 चं गाणं, आजही नागपुरातल्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात उभी राहा, कोणीतरी पोरगा तेच वाजवून गिटार तपासत असतो. मग 1984 मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला, त्यात महेश तिनईकर गिटारवर. आपल्यासारख्या आडनावाचा माणूस तशी गिटार वाजवतो याचंच आम्हाला कोण अप्रूप! तर या सगळ्यांचा आवाज वेगवेगळा. स्वच्छ, काचेसारखा आवाज हवा असेल तर सिंगल कॉइल पिकअप. जाड, भरलेला, डिस्टॉर्शन पेलणारा हवा असेल तर हंबकर. ठरत नसेल तर ब्रिजपाशी हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी मांडणी मिळते. यामाहाच्या ‘पॅसिफिका’ मालिकेत ती आहे, आणि पहिल्या गिटारला मला तीच सर्वांत शहाणपणाची वाटते. स्क्वायरची क्लासिक व्हाइबही हातात घेऊन बघ. फ्लॉइड रोझ ब्रिजवाली, ती तुझ्या फोटोतली काळी, नको. तिच्यात सहाही तारा आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकांना तोलून असतात. एक तार तुटली की उरलेल्या पाच बेसूर. हौस पुढच्या गिटारला कर.

लाकडाबद्दल तू जे वाचतेस त्यातलं निम्मं सोडून दे. लकडगंज आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, लाकडाची बढाई आपल्याला काही नवी नाही. बॉडी कसल्या लाकडाची याला ॲम्प लावल्यावर जे महत्त्व उरतं ते थोडं. फ्रेटबोर्डचं मात्र बघ, कारण तो रोज बोटाखाली असतो. तिथे वापरतात ते ‘इंडियन रोझवुड’ म्हणजे आपलं शिसवी, विदर्भाच्या जंगलातही आढळणारं. 2017 च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस करारानं परवान्याची अट घातली, तेव्हा फेंडरनं आपल्या मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर पाउ फेरो हे दुसरंच लाकूड घातलं. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. त्या मधल्या काळातली गिटार कोणी ‘लाकूड हलकं’ म्हणून स्वस्तात विकत असेल तर खुशाल घे. पाउ फेरोत काही खोट नाही.

आता आपल्या घराचं. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, ती तारांचा आवाज पकडते तशी खोलीतली विजेची गुणगुणही पकडते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती गुणगुण खालच्या ‘जी’च्या जरा वर ऐकू येते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, त्या गुणगुण एकमेकींत जिरवतात. गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये ते शोधून काढलं. खाली दुकानात काउंटरवरचे एलईडी, पॉलिशची मोटर, आणि उन्हाळ्यात वर कूलर. या घरात सिंगल कॉइल लावलीस तर पहिल्या दिवशी तुला वाटेल गिटार बिघडली. बिघडलेली नसते. जागेवर उभ्या उभ्या पाव चक्कर फीर, एका दिशेला गुणगुण कमी होते. तिथेच बसून वाजव.

पण एक परीक्षा नीट कर. तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी. हात लावल्यावर वाढली, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर वायर काढ आणि मला बोलाव. तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे घराचं अर्थिंग खोटं असेल तर तू हातात धरलेली वस्तू भरवशाची नाही. वरच्या खोलीतल्या जुन्या बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. इतवारीतल्या कितीतरी जुन्या घरांत तसंच आहे. वायरमनला सांगून ठेवलंय, पोळ्याच्या आधी अर्थिंगची नवी वायर ओढून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून देतो म्हणाला. तो कामावर आला की कळवतो. तोवर टू-पिनचा अडॅप्टर लावून जुगाड करायचा नाही.

मेच्या आधी गिटार आणलीस तर कूलरसमोर ठेवू नकोस. मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्ड किंचित आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. मग कूलरची ओली हवा तिच्यावर पडली की तेच लाकूड फुगतं. असं कोरडं-ओलं-कोरडं होत राहिलं की नेक वाकतो. केसमध्ये बंद करून कपाटात ठेव, आणि रेल्वेनं येताना केस तुझ्याच बर्थवर. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच नाही. पुण्याहून आली की इथली हवा तिला मानवायला वेळ लागेल, आठवडाभर थांबून मगच ट्रस रॉडला हात लावू.

पैशांचं असं कर. पन्नासातले तीस-पस्तीस गिटारला, बाकी ॲम्प, केबल, पट्टा आणि सेटअप करणाऱ्याचे. ॲम्प म्हणजे निम्मं वाद्य. पन्नासांची गिटार घेऊन ती होम थिएटरच्या मागच्या भोकात घातलीस तर आवाज चोंदलेला येईल, कारण ते भोक गिटारच्या पिकअपशी जुळणारं नसतं. छोटा, हेडफोन लागणारा मॉडेलिंग ॲम्प घे. दहा-वीस वॉट रग्गड झाले. मारबतीच्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते तेव्हा सारी इतवारी कानठळ्या बसवून घेते, त्या दिवशी तू कितीही जोरात वाजव, कोणी विचारायचं नाही. बाकी दिवस भिंतीला भिंत लागून शेजारी.

सेकंडहँड मिळत असेल तर मी त्याच बाजूचा. नव्या गिटारीच्या पैशांत एक पायरी वरची घडण मिळते. पहिल्या तीन फ्रेटवर तारेखाली खड्डे पडलेत का ते भिंगानं बघ, आणि ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे झिजलेत का तेही. विकणारा घाई करत असेल तर चहा पिऊन ये.

तुझ्या बाबांशी मी बोललोय. ‘अकूस्टिक काय वाईट आहे?’ एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना मी ‘एक हसीना थी’ ऐकवलं, गप्प बसले. तुझ्या आईचं म्हणणं वेगळं आहे, ते तिच्याकडूनच ऐक.

गिटार पसंत केलीस की बाराव्या फ्रेटची दोन्ही मापं आणि नटचा जवळून फोटो पाठव, पैसे द्यायच्या आधी. येताना 9 नंबरचे दोन सेट जास्तीचे आण. हेडफोन विसरू नकोस. दुपारी दोन ते चार खाली गिऱ्हाईक नसतं, तेवढा वेळ ॲम्प मोकळा लावायला माझी हरकत नाही.

तुझा,
काका

ता. क. भिंग परत आण.